बांधावरची काडी

नाशिक जिल्ह्यात द्राक्षबागेवर वर्षातून दोनदा कात्री चालते. एकदा एप्रिलमधल्या खरड छाटणीला आणि दुसऱ्यांदा सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या गोडी छाटणीला. बागलाणातल्या अर्ली बागांची छाटणी तर जून-जुलैतच सुरू होते. दरवेळी मांडवाखालून निघालेली काडी बांधावर येऊन पडते आणि चार दिवसांत, नाहीतर महिनाभरात, तिथेच पेटते. पेटवणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. भुरी, करपा, मिलीबग, खोडकिडा अशा सगळ्यांचा मुक्काम या काडीत असू शकतो, म्हणून ती बागेबाहेर गेलीच पाहिजे, हे प्रत्येक बागायतदार जाणतो. डाळिंबाच्या तेल्या लागलेल्या फांद्यांचंही तेच. बायोचारच्या कामात काही वर्षं घालवल्यानंतर माझ्यापुरता प्रश्न इतकाच उरला आहे की, ही काडी जळणार हे ठरलेलं असेल, तर तिच्यातल्या कार्बनचं काय व्हावं? या कामात येताना मी काडीकडे इंधन म्हणून पाहत होतो. पुढे काही काळ ती मला खत वाटू लागली. आज माझं मत असं आहे की, बायोचार ही मुळात एक साठवण आहे. साठवण म्हणून तिचा हिशेब मांडला तरच तो जुळतो. खत किंवा जळण म्हणून मांडायला गेलं की कुठेतरी खोट येते. हे मत का बनलं आणि त्यावर कोणते आक्षेप येतात, ते सविस्तर सांगतो.

आधी काडीचा जमाखर्च पाहू. वेल हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि त्यातून लाकूड बनवतो. पूर्ण वाळलेल्या काडीच्या वजनातला जवळजवळ निम्मा भाग कार्बन असतो. बांधावर ती उघडी जाळली की हा कार्बन तासाभरात हवेत परततो, मागे मूठभर पांढरी राख राहते. कुजवली तर तोच प्रवास दोन-तीन वर्षांत होतो. मात्र हवा पुरेशी मिळू न देता काडी चारशे ते सातशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवली, तर तिच्यातले वायू निघून जातात आणि कोळसा शिल्लक राहतो. मातीत घालण्यासाठी केलेला हा कोळसा म्हणजेच बायोचार. वजन चौथाई होतं, पण मूळ कार्बनपैकी एक तृतीयांशाहून अधिक कार्बन त्या कोळशात टिकतो, आणि त्याची रचना अशी बदललेली असते की मातीतल्या जिवाणूंना तो सहजी खाता येत नाही. हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीने (आयपीसीसी) २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत यासाठी आकडे दिले आहेत. ६०० अंशांच्या वर बनलेल्या कोळशातला ८९ टक्के, ४५० ते ६०० अंशांवरचा ८० टक्के आणि त्याहून कमी तापमानाचा ६५ टक्के कार्बन शंभर वर्षांनंतरही मातीत असेल असं धरायचं. म्हणजे एक टन कोरड्या काडीतून अडीचशे किलो कोळसा मिळाला, त्यात तीन चतुर्थांश कार्बन असला आणि त्यातला ८० टक्के टिकला, तर सुमारे दीडशे किलो कार्बन जमिनीत राहिला. कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होताना वजन ३.६७ पट वाढतं. तेव्हा हवेच्या बाजूने पाहिलं तर एक टन काडीमागे साडेपाचशे किलोंची बचत. हा आकडा फार मोठा नाही. पण तीच काडी बांधावर जाळली तर हा आकडा शून्य असतो.

महाराष्ट्राला या विषयाची ओळख इंधनाच्या अंगाने झाली. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची भट्टी विकसित केली. विटांच्या भट्टीत पाचट भरलेली पिंपं ठेवायची, बाहेरून तापवायची, आणि पिंपांतून सुटणारे वायू त्याच भट्टीत जाळून पुढचं काम चालू ठेवायचं, अशी ती रीत. त्या कोळशाच्या भुकटीच्या कांड्या करून स्वयंपाकाला वापरायच्या. या कामाला २००२ मध्ये लंडनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. शेतात जळून जाणारं पाचट चुलीपर्यंत आणलं आणि चुलीचा धूर कमी केला, हे त्या कामाचं मोल मोठं आहे. पण ‘कार्बन साठवू आणि ऊर्जाही मिळवू’ असं जे वाक्य आता सर्रास ऐकू येतं, त्याची गफलत याच ठिकाणी होते. जो कोळसा चुलीत गेला त्यातला कार्बन पुन्हा हवेत गेला. एकच कोळसा जाळताही येत नाही आणि पुरताही येत नाही. दोन्ही फायदे एकाच पिशवीवर छापणाऱ्याने यातला कोणता खरा ते सांगायला हवं. दोन्ही मिळवायचे तर वाटणी वेगळ्या जागी करावी लागते. कोळसा मातीत ठेवायचा आणि ऊर्जा घ्यायची ती भट्टीतून सुटणाऱ्या वायूंची. लाकडातल्या एकूण उष्णतेपैकी कोळशात निम्म्याहून थोडी कमीच उरते. बाकीची वायूंबरोबर निघून जाते. उघड्या भट्टीत ही उष्णता फुकट जाते, याची खंत या कामातल्या प्रत्येकाला वाटायला हवी. कारण नाशिकमध्ये उष्णता लागणारी कामं भरपूर आहेत. येवला, मालेगाव, नांदगावकडचा मका नेमका परतीच्या पावसात निघतो आणि ओलाव्यापायी भाव पडतो. कांदा निर्जलीकरणाला गरम हवा लागते. दूध तापवायला, अवजारं आणि क्रेट धुवायला गरम पाणी लागतं. बंदिस्त भट्टी अशा जागी उभी राहिली, तरच ‘ऊर्जा’ हा शब्द खरा ठरेल.

इथे एक आक्षेप येतो आणि तो सगळ्यांत वजनदार आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. नाशिक रोडजवळ एकलहऱ्याला २१० मेगावॅटच्या तीन संचांचं औष्णिक वीज केंद्र आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने औष्णिक केंद्रांसाठी कोळशाबरोबर ५ टक्के जैवभार जाळण्याचं सुधारित धोरण आणलं, पुढे तो वाटा ७ टक्क्यांवर नेण्याच्या तरतुदीसह. मग काडी एकलहऱ्यालाच का देऊ नये? कागदावरचं गणित पूर्णपणे एकलहऱ्याच्या बाजूचं आहे. वाळलेली काडी साधारण तितक्याच वजनाच्या देशी दगडी कोळशाइतकी उष्णता देते, आणि टनभर देशी कोळसा जळला की दीड टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे काडीने कोळसा हटवला तर दीड टन वाचले. काडीचा बायोचार केला तर अर्धा टन. हे गणित मला नाकारता येत नाही. बायोचारच्या बाजूने बोलणारे बहुतेक जण ते सांगतच नाहीत, हे मला खटकतं. जी काडी बॉयलरच्या दारापर्यंत पोचू शकते ती तिथेच जावी. मक्याची बुरकुंडं, भुईमुगाची टरफलं, गिरणीतला भुसा हा माल एका जागी, कोरडा, भरपूर मिळतो. तो ब्रिकेटवाल्यांकडे जातोच आणि जावा. द्राक्षाची काडी मात्र दोन-चार एकरांच्या हजारो बागांत विखुरलेली असते. ती हलकी, फुगीर आणि तारेत अडकलेली असते. ट्रॉली भरलेली दिसते, पण वजनकाट्यावर आकडा लागत नाही. ती वाळवायची, कुट्टी करायची, दाबून गोळ्या करायच्या, आणि हे सगळं वर्षातल्या दोन अरुंद हंगामांत उरकायचं. म्हणून धोरण येऊनही ती बांधावरच जळते आहे. तेव्हा तुलना करताना समोर दोन पर्याय आहेत ते बांधावरचा वणवा आणि बांधावरची भट्टी हे. शिवाय दगडी कोळशाची जागा जसजशी सूर्य घेईल, तसतसा काडीने वाचवलेल्या कोळशाचा आकडा घटत जाईल. मातीत ठेवलेल्या कार्बनचा आकडा मात्र त्यामुळे घटणार नाही.

बांधावरची भट्टी म्हणजे काय, ते जवळून पाहिल्याशिवाय या विषयावर मत बनवू नये. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने दोनशे लिटरच्या लोखंडी पिंपाची साधी भट्टी केली आहे. स्वित्झर्लंडच्या इथाका संस्थेने २०१४ च्या सुमारास शंकूच्या आकाराची ‘कोन-टिकी’ भट्टी पुढे आणली. लोखंडाला पैसे नसतील तर तसाच निमुळता खड्डा खणूनही चालतं. तत्त्व सोपं आहे. तळाशी वाळक्या काटक्यांचा जाळ करायचा आणि तो वरून पेटवायचा. जाळ धगधगला की काड्यांचा पातळ थर टाकायचा. त्या थरातून निघणारे वायू वरच पेट घेतात, आणि ज्वाळांचा तो पडदाच खालच्या निखाऱ्यांपर्यंत हवा पोचू देत नाही. काड्यांच्या कडांवर राखेची पांढुरकी साय दिसू लागली की पुढचा थर. उशीर झाला तर कोळशाची राख होते. घाई केली तर पडदा मोडतो आणि पिवळसर जाड धूर निघतो. सगळं कसब या दोन थरांमधल्या वेळेत आहे. ते पुस्तकातून येत नाही, दोन-तीन हंगाम भट्टीशेजारी उभं राहूनच येतं. खड्डा भरला की पाण्याने किंवा मातीने विझवायचं. चांगला कोळसा हातात घेऊन मोडला तर टणकन मोडतो, आत काळी चमक दिसते, आणि हाताचा काळेपणा साबणाशिवाय नुसत्या पाण्याने जातो. हात चिकट झाले, धुराचा वास राहिला, तर त्यात डांबर उरलंय असं समजावं. तो कोळसा मुळांजवळ नेऊ नये.

सगळ्यांत मोठा धडा ओलाव्याचा आहे. खरड छाटणीची काडी पक्व, तपकिरी असते आणि एप्रिल-मेच्या उन्हात दोन-तीन आठवड्यांत कडकडीत वाळते. गोडी छाटणीची काडी मात्र अनेकदा परतीच्या पावसात भिजते, आणि बागायतदाराला बांध लवकर मोकळा हवा असतो. ओली काडी भट्टीत गेली की उष्णता पाणी उडवण्यात खर्च होते, ज्वाळा मरते, आणि न जळलेले वायू धूर होऊन निघतात. त्यांत मिथेन असतो, आणि वीस वर्षांच्या मुदतीत पाहिलं तर तो वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे ऐंशी पट उष्णता धरतो. म्हणजे धुमसणारी भट्टी ही सत्कृत्य वाटत असली तरी तिच्या हिशेबात तोटाही निघू शकतो. बायोचारची भट्टी धूर करते, हा आक्षेप म्हणूनच अर्धा खरा आहे: वाईट चालवलेली भट्टी धूर करते, आणि घाईच्या हंगामात भट्टी वाईट चालवली जाण्याचा मोह फार असतो. नाशिक शहर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात हवेच्या मानकांना न उतरणाऱ्या शहरांच्या यादीत आहे. त्या हवेत आणखी भर घालण्याचा कुणालाही हक्क नाही. माझं उत्तर एवढंच की ओली काडी पेटवायचीच नाही. ती रचून, झाकून उन्हाळ्यापर्यंत ठेवावी, आणि रोगट असल्याने ठेवता येत नसेल तर ती बायोचारच्या हिशेबात धरू नये. पाण्याचा प्रश्नही याच जातीचा. एप्रिलमध्ये चांदवड-नांदगावकडे टँकर फिरत असताना भट्टी विझवायला पाणी मागणं बरं दिसत नाही. तिथे मातीने झाकून विझवावं, थोडा कोळसा राख होईल तो होऊ द्यावा. नाहीतर बागेला द्यायचीच असलेली शेणाची स्लरी विझवायला वापरावी; कोळसा विझतो आणि भारलाही जातो.

आता खताचा मुद्दा. बायोचार टाका, उत्पन्न वाढेल, असं सांगितलं की शेतकरी लगेच ऐकतो. म्हणूनच ते सांगण्याचा मोह होतो, आणि काही काळ मीही त्या मोहात होतो. जगभरच्या प्रयोगांची एकत्र छाननी करणारा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. उष्ण कटिबंधात बायोचारने उत्पादन सरासरी २५ टक्क्यांनी वाढलं आणि समशीतोष्ण प्रदेशात जवळजवळ काहीच वाढ झाली नाही, असा त्याचा निष्कर्ष. आपण उष्ण कटिबंधातले, तेव्हा पंचवीस टक्के आपलेच, असं त्यातून काढलं जातं. पण त्या अभ्यासाने दिलेलं कारणही वाचायला हवं. उष्ण कटिबंधातल्या त्या जमिनी बहुतांशी आम्ल आणि निकस होत्या. कोळसा स्वतः अल्कधर्मी असतो, त्यामुळे तो तिथे चुन्याचं काम करून गेला. निफाड-दिंडोरीतली काळी जमीन आधीच चुनखडीयुक्त, सामू आठच्या आसपासची. तिथे द्राक्षाची पानं लोहाच्या कमतरतेने पिवळी पडतात, कारण लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही. अशा मातीत आणखी अल्कधर्मी पदार्थ भरमसाट ओतणं हा शहाणपणा नाही. दुसरी गोष्ट मोरचुदाची. द्राक्षाच्या काडीवर हंगामभर मोरचुदाचं, म्हणजे तांब्याच्या क्षाराचं, बोर्डो मिश्रण बसलेलं असतं. काडी जळून चौथाई होते, तांबं मात्र जळत नाही. ते कोळशात तिप्पट-चौपट घट्ट होऊन बसतं. प्रयोगशाळेत तांबं तपासल्याशिवाय द्राक्षकाडीचा कोळसा वर्षानुवर्षं त्याच बोदात घालू नये, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. आणि तिसरी गोष्ट म्हणजे कोरा कोळसा मातीत गेला की सुरुवातीला तोच नत्र धरून बसतो आणि पीक मागे राहतं. शेणस्लरीत, गोमूत्रात किंवा कंपोस्टच्या ढिगात महिनाभर मुरवून मगच तो द्यायचा. एवढं सांभाळलं तर हलक्या, मुरमाड, पाणी न धरणाऱ्या जमिनीत ओल टिकायला त्याची मदत होते, पण तो युरिया-पोटॅशची जागा घेत नाही. पहिल्याच वर्षी घडांचं वजन वाढेल असं सांगून दिलेला बायोचार दुसऱ्या वर्षी कुणी हातात घेत नाही, आणि त्यात चूक सांगणाऱ्याची असते.

मग हा कोळसा जायला हवा कुठे? माझ्या मते जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या घाटमाथ्याच्या तालुक्यांत पाऊस धुऊन नेतो ती तांबडी, आम्ल, उतारावरची माती आहे. भात, नागली, वरई तिथली पिकं. त्या मातीला जळणाची ओळख नवी नाही. शेण, पालापाचोळा, टहाळ, गवत आणि वर मातीचा थर रचून उन्हाळ्यात राब भाजायचा आणि त्यावर रोप टाकायचं, ही रीत पिढ्यान्‌पिढ्यांची. इंग्रजांच्या वनखात्याने टहाळ तोडण्यावर बंधनं आणली तेव्हा सह्याद्रीच्या दोन्ही बाजूंना राबाचा मोठा वाद झाला. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मान यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांसोबत १९१२ मध्ये राबपद्धतीवर स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. राब म्हणजे बायोचार असं मी म्हणत नाही. राबात बहुतेक जैवभार जळूनच जातो, मागे थोडाच कोळसा राहतो. पण भाजल्या जागी रोप जोम धरतं ही जाण तिथल्या शेतकऱ्याला शिकवावी लागत नाही. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातली काळी माती तिथल्या मूळ रहिवाशांनी शेकडो वर्षांपूर्वी चुलीतला कोळसा, हाडं आणि खरकटं मिसळून घडवली, तेव्हा त्यांनाही कुणी प्रबंध वाचून दाखवला नव्हता. पूर्वेकडच्या बागांत कोळसा बनावा आणि तांबं तपासून तो पश्चिमेकडच्या खाचरांत जावा, ही वाटणी मातीच्या दृष्टीने बरोबर आहे. अडचण वाहतुकीची आणि मोबदल्याची. पेठचा भातशेतकरी कोळसा विकत घेणार नाही, आणि घ्यावा अशी अपेक्षाही करू नये.

काडीची कुट्टी करून बागेतच का पसरत नाही, हा प्रश्न कृषी शास्त्रज्ञ विचारतात आणि तो रास्त आहे. आच्छादनाने ओल टिकते, गांडुळं येतात, पालाश परत मिळतो. ज्या बागेत रोग आटोक्यात आहे आणि श्रेडर मिळतो, तिथे निदान अर्धी काडी कुट्टी करून मातीलाच द्यावी. मातीतल्या जिवांना खायला ताजा कार्बन लागतो. कोळसा त्यांना घर देतो, जेवण देत नाही. गव्हाचं काड, सोयाबीनचं भुसकट, मक्याचा चारा यांना तर भट्टी दाखवूच नये, तो जनावरांचा घास आहे. भट्टीसाठी उरते ती रोगट काडी, डाळिंबाच्या फांद्या, उपटलेल्या जुन्या बागांची खोडं, काही प्रमाणात तुराट्या आणि पऱ्हाट्या.

पण ‘उरते’ हा शब्द वापरताना एक गोष्ट पाहायला हवी. बांधावरची काडी बागायतदाराच्या दृष्टीने कचरा असली, तरी छाटणीला येणाऱ्या पेठ-सुरगाण्याच्या मजूर बायांच्या दृष्टीने ती सरपण असते. मुक्कामाच्या झोपडीपुढची चूल तिच्यावरच पेटते, आणि परत जाताना मोळीही बांधली जाते. कार्बनच्या नावाने ही मोळी अडवली तर हा उद्योग पहिल्याच दिवशी अन्यायाचा ठरेल. कोळसाभट्टी या शब्दाला आपल्याकडे आधीच एक काळा इतिहास आहे. रायगड-ठाण्यातली कातकरी कुटुंबं उचल घेऊन भट्ट्यांवर जात आली आहेत, महिनोन्‌महिने धुरात राबत आली आहेत, आणि हंगाम संपला तरी उचल फिटत नाही. नव्या भट्टीला इंग्रजी नाव मिळालं म्हणून जुनी उचल आपोआप बंद होत नाही. भट्टीवर काम करणाऱ्याला मास्क, पायात बूट, दुपारच्या उन्हात सुट्टी आणि रोजाने रोख मजुरी, एवढं झालं नाही तर कार्बन साठवल्याचा कुठलाही दाखला (कार्बन क्रेडिट) मला खोटा वाटतो. सरपणाच्या प्रश्नाला एक बरा मार्ग आहे. वरून पेटवायची, वायू जाळणारी चूल मिळते. तिच्यात काडीचे तुकडे भरले की धूर कमी होतो, स्वयंपाक होतो आणि तळाशी कोळसा उरतो. तो कोळसा विकत घेतला, तर चुलीपुढची बाईही या साठवणीत भागीदार होते.

शेवटी पैशाचा हिशेब. जानेवारी २०२५ मध्ये गूगलने ‘वराह’ या भारतीय कंपनीशी करार केला आणि २०३० पर्यंत एक लाख टन कार्बन डायऑक्साइडचे दाखले घ्यायचं ठरवलं. त्यात गुजरातेतल्या वेड्या बाभळीचा कोळसा होणार आहे. आंतरराष्ट्रीय बाजारात बायोचारच्या दाखल्यांना अलीकडच्या वर्षांत टनाला शंभर-दीडशे डॉलर मिळत आले आहेत. हे ऐकून एकराला लाखो रुपये मिळतील असं कुणी सांगत असेल तर वरचंच गणित पुढे न्यावं. एक टन कोरड्या काडीमागे साडेपाचशे किलो, शंभर डॉलरच्या दराने पंचावन्न डॉलर, म्हणजे साडेचार-पाच हजार रुपये. त्यातून मजुरी, भट्टी, वाहतूक, प्रयोगशाळा, पडताळणी आणि मधल्या कंपनीचा वाटा जायचा. द्राक्षबागेचा एकरी खर्च लाखांत असतो. त्याच्यापुढे ही रक्कम लहान आहे. पण काडी गोळा करून बांधावर आणण्याची मजुरी छाटणीच्या उक्त्यात बागायतदार आधीच देतो आहे, म्हणून नवा खर्च फक्त वाळवण्याचा आणि भट्टीचा. आणि तो शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या मार्फत वाटून घेता येतो. दिंडोरीजवळ मोहाडीला ‘सह्याद्री’ या शेतकरी उत्पादक कंपनीने हजारो शेतकऱ्यांचा माल एका छताखाली आणून दाखवला आहे, नाशिकला एकत्र येणं शिकवावं लागत नाही. दाखले विकत घेऊन मोठ्या कंपन्या आपला धूर चालूच ठेवतील, हा आक्षेप मी मान्य करतो. धूर कमी करण्याचं त्यांचं कर्तव्य या कोळशाने फिटत नाही. पण म्हणून निफाडच्या शेतकऱ्याने काडी जाळतच राहावी, असं त्यातून निघत नाही. २०२३ मध्ये केंद्र सरकारने देशांतर्गत कार्बन बाजाराची योजना अधिसूचित केली. तिच्यात बायोचारला जागा देताना मोबदल्याचा मोठा वाटा भट्टी चालवणाऱ्याला, कोळसा मातीत घालणाऱ्याला आणि ती माती राखणाऱ्याला मिळावा, हे लिहून ठेवायला हवं. शंभर वर्षं कोळसा सांभाळणार आहे ती जमीन, दाखला विकणारा नव्हे.

साठवण म्हटली की मोजणी आली, आणि आज सगळ्यांत कच्चं काम तिथेच आहे. काडीचं वजन अंदाजाने, ओलावा हाताने दाबून, कोळसा पोत्यांवर मोजला जातो. ओलं पोतं आणि कोरडं पोतं एकाच आकड्यात मांडलं जातं. विझवलेल्या कोळशात निम्म्याहून अधिक वजन पाण्याचं असू शकतं, त्यामुळे पोती मोजून मांडलेला कार्बन कागदावर दुप्पट दिसतो. येत्या खरड छाटणीला बांधावर भट्टीच्या आधी तीन गोष्टी पोचल्या पाहिजेत: एक वजनकाटा, एक ओलावामापक आणि ज्याच्या अक्षरावर गावाचा विश्वास आहे अशा माणसाच्या हातातली वही.